मदत बंद, चहा चालू

सिस्टरनी मला नोकरीवर घेतलं आणि त्याच दिवशी काढूनही टाकलं. मधे तांब्याभर पाणी पिण्याइतका वेळ गेला असेल.

अपराध माझा एवढाच, की अल्लीपूरच्या त्या खोलीत शिरल्याशिरल्या मी दोन्ही हात पसरले आणि आवाजात मावेल तेवढा मध ओतून म्हणाले, "कसे आहात, बाळांनो?" त्या बाळांपैकी एकाला छातीपर्यंत दाढी होती, एकीचे केस अर्धे पांढरे झाले होते आणि तिसरं बाळ कोपऱ्यात घाईघाईनं विडी विझवत होतं. सिस्टरनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. खादीची साडी, खांद्याला झोळी, झोळीतून डोकावणारे लॅमिनेशन केलेले रंगीत तक्ते.

"ह्या बाळाची दाढी करून देते का व?" त्या म्हणाल्या. "वस्तरा हाये तुह्या झोल्यात? नाई ना? मंग जाय घरी. वर्ध्याची बस येऊनच राह्यली."

बस आली नाही. आमच्याकडच्या बसचा हा मोठा गुण आहे, तिच्या न येण्यानं कित्येकांची आयुष्यं मार्गी लागली. मी तिथंच बसून राहिले आणि पुढं बरीच वर्षं बसूनच होते.

त्या खोलीचं कागदावरचं नाव एवढं लांब होतं की पाटी रंगवणाऱ्यानं अर्ध्यातच हात टेकले. 'बौद्धिक दिव्यांग प्रौढांसाठी दिवसभराचं' इथपर्यंत तो पोचला, पुढं भिंत संपली. गावात तिला 'सिस्टरचं घर' म्हणत. आधी तिथं खताचं गोदाम होतं. युरियाचा वास काही गेला नव्हता, त्यामुळे पाहणीला येणारे साहेब लोक शिंकत शिंकत पाहणी लवकर आटपायचे. आसपासच्या गावांतली मोठी माणसं तिथं सकाळी यायची, कापसाच्या वाती वळायची, भांडायची, एकमेकांच्या चहाड्या करायची आणि संध्याकाळी घरी जायची. अशा मुलांची शाळा अठराव्या वर्षी संपते. त्यानंतर त्यांचं मंदत्वही संपत असावं अशी सगळ्यांची समजूत असते, कारण पुढं कुणी विचारत नाही. सिस्टर विचारायच्या.

सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. उपकेंद्रावर त्यांनी जन्म घातला. स्वतःचा एकदा आणि निम्म्या तालुक्याचा रोज. त्यामुळे माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, बाळंतपणं राहत. सरपंच म्हणजे 'तो नाळ गुंडाळून आलता तो'. बँकेतला कारकून म्हणजे 'दोन दिवस मायले तंगवलं तो'. एकदा वर्ध्याहून अनुदानाच्या फाइलीसाठी एक बडा अधिकारी आला. खुर्चीवर बसून त्यानं गॉगल पुसला, तेवढ्यात सिस्टर त्याच्या तोंडाकडे निरखून बघत म्हणाल्या, "तू देवळीच्या मास्तरचा ना? पायाळू. पाय आधी काढलते तू. अजूनबी तशीच घाई दिसते." ती फाइल पुढं वर्षभर हलली नाही. मी हळहळले. सिस्टर म्हणाल्या, "उलटा आलेला माणूस हाये, वेळ लागते."

आणि मी कोण होते? चाळिशी उलटलेली, मुलं मोठी झालेली, पोस्टानं एक वर्षाची पदविका मिळवलेली वर्ध्याची बाई. चेहऱ्यावर कायम करुणा. ती करुणा मी आरशासमोर बसवून घेतली होती, डोकं थोडं डावीकडे कलवलं की ती जास्त खुलायची. अल्लीपूरचा उद्धार माझ्या येण्यावाचून खोळंबला आहे याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. सिस्टरनी माझं नाव कधीच घेतलं नाही. माझं बाळंतपण त्यांनी केलेलं नव्हतं, त्यामुळे माझी काही ओळखच नव्हती. त्या मला 'डिप्लोमा' म्हणत. "काय व डिप्लोमा, जेवली का?"

'विशेष' या शब्दाची त्यांना ॲलर्जी होती. कुणी 'ही विशेष मुलं' म्हणालं की त्या म्हणायच्या, "विशेष काय हाये? आज वरण आंबट झालं, ते विशेष हाये." त्या स्वतः 'माह्ये लोक' म्हणत. दिव्यांग दिनाला जिल्ह्याच्या ठिकाणी 'माह्ये लोक' स्टेजवर नाचावेत असं बोलावणं आलं की उलट निरोप पाठवायच्या, "आधी साहेबाले नाचू द्या, आमच्यायले आवडलं तं तेबी नाचतीन."

त्यांचा एकच नियम होता आणि तो मला समजायला फार वेळ लागला. कुणाला मदत करावीशी वाटली, तर आधी त्याच्याकडून काहीतरी मागायचं. मदत नुसती करायची नाही. नुसती मदत केलेली दिसली की त्या असा चेहरा करत, की जणू कुणी त्यांच्या उंबऱ्यावर थुंकलं.

आमच्याकडे लोक वाढदिवस साजरे करायला येत. हा एक नवाच धर्म निघाला आहे. पोराचा वाढदिवस असला की केक घेऊन अशा ठिकाणी जायचं, 'या मुलांना' भरवायचं, फोटो काढायचे आणि पुण्य गाडीत घालून परतायचं. जामच्या चौकातला एक ढाबेवाला असाच आला. बॅनर, टोकदार टोप्या, फोटोवाला, सगळं घेऊन. दाढीवाल्याच्या डोक्यावर कागदाची टोपी चढवली. मी तर आभाराचं भाषण केलं, त्यात 'आपल्यासारख्या दात्यांमुळे' हे शब्द होते. सिस्टरनी केकचे दोन तुकडे खाल्ले. मला वाटलं, चला, या माणसाळल्या.

महिन्याभरानं एका रविवारी त्यांनी टेम्पो बोलावला. "चाला, जामले जेवाले."

"सिस्टर, त्यांनी बोलावलंय का?"

"मंग त्याले कोनं बोलावलं होतं? येणंजाणं असते व. तो आला, आता आपली पाळी."

आम्ही सगळे ढाब्यामागच्या त्याच्या घरी ऐन जेवणाच्या वेळी उतरलो. तो बिचारा दारात आला आणि त्याचा चेहरा त्या दिवशीच्या केकसारखा झाला, वरून गुलाबी आणि आतून कोरडा. मागून त्याची बायको आली, हाताला कणीक. तेव्हा आमच्यातली आशा, ती अर्ध्या पांढऱ्या केसांची, तिच्याजवळ जाऊन म्हणाली, "तुमचा नवरा फोटू काढताना पोट आत घेते."

ती बाई इतकी हसली की उंबऱ्यावरच बसली. मग उठली आणि पोळ्या लाटायला लागली. पुढं ती अधूनमधून अल्लीपूरला यायची. केक नाही, कॅमेरा नाही. आशाशेजारी बसून वाती वळायची आणि सासूच्या तक्रारी सांगायची. आशा सगळं ऐकून घ्यायची आणि सल्ला द्यायची नाही. असा माणूस मिळायला नशीब लागतं. ढाबेवाला मात्र परत कधी वाढदिवसाला आला नाही. "केक गेला, बाई आली," सिस्टर म्हणाल्या. "काई नुकसान नाई."

माझी नात हल्ली याच विषयात एम. ए. करते. परवा तिनं फोनवर विचारलं, "आजी, तुमच्या सिस्टरचं मॉडेल नेमकं काय होतं गं?" मी म्हटलं, "लोकांच्या घरी न बोलावता जेवायला जाणं." पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला. बहुतेक याचं इंग्रजी शोधत असावी.

आता गुलाबचं सांगते. सिस्टर काय चीज होत्या ते त्याच्यावाचून कळायचं नाही.

गुलाब चाळिशीचा, बुटका, गोल तोंडाचा. डॉक्टरांच्या भाषेत डाऊन सिंड्रोम, गावाच्या भाषेत येडा. दोन्हीकडची माणसं ते एकाच सुरात म्हणत. त्याच्या वाती बोटाएवढ्या जाड व्हायच्या. आईबरोबर राहायचा, अल्लीपुरातच. आई सावंगीच्या दवाखान्यात गेली ती परत आली नाही. पुण्याला कंपनीत असलेला मोठा भाऊ सुधाकर आला, सगळं रीतसर केलं, घरात बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोंसमोर पुण्यानुमोदन झालं, आणि नंतर चटईवर बसून त्यानं सिस्टरना सांगितलं की गुलाबसाठी पुण्याजवळ एक संस्था बघितली आहे. तिथं कायमचं ठेवता येतं.

"मी काही त्याला टाकून देत नाही, सिस्टर. चांगली जागा आहे. चोवीस तास माणूस असतं."

"तुह्या घरी असते का चोवीस तास माणूस?"

सुधाकरनं मान खाली घातली. पुण्याची भाषा गळून पडली. "मी तिकडं, तो इकडं. त्याले काई झालं तं? मले कोण सांगन?"

माणूस खोटं बोलत नव्हता. मी तर त्याच्याच बाजूची होते. माझ्या पदविकेच्या पुस्तकात 'सुरक्षितता' हे प्रकरण सर्वांत जाड होतं.

इतका वेळ गुलाब दाराला टेकून उभा होता. त्याचं काय करायचं यावर सगळे बोलत होते, त्याला कुणीच काही विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "मी नाई जात." एवढंच, एकदाच.

"ऐकलं?" सिस्टर म्हणाल्या.

शेवटी ठरलं ते असं. कापूस निघेपर्यंत गुलाबनं एकट्यानं इथं राहायचं. नीट राहिला तर इथंच. काही विपरीत झालं तर सुधाकर येणार आणि त्याला पुण्याला नेणार, मग कुणी काही बोलायचं नाही.

आता माझी पाळी होती. मी रात्रंदिवस खपून 'साहाय्य आराखडा' केला. सात वारांना सात रंग. सोमवारी अमक्याकडून डबा, मंगळवारी तमक्यानं धुणं, बुधवारी झाडलोट. तक्ता गुलाबच्या भिंतीवर लावला तेव्हा मला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की मी त्याच्याशेजारी उभी राहून फोटो काढून घेतला. मान डावीकडे कलवून.

गाव पण दयाळू निघालं. पहिल्या आठवड्यात गुलाबकडे एका वेळी तीन तीन भाज्या. दुसऱ्या आठवड्यात लोकांची दया पातळ झाली आणि वरणही. त्याहून वाईट म्हणजे गुलाब खाटेवर बसला तो बसलाच. आंघोळ बंद, वाती बंद. सगळं कुणीतरी करतंय म्हटल्यावर माणूस हळूहळू पेशंट होत गेला. सिस्टर आल्या त्या दिवशी तो हातात केळं धरून दाराकडे बघत होता.

"काय पाह्यतं बे?"

"कोणी आलं नाई सोलाले."

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "डिप्लोमा, तुह्या तक्त्यात केळं सोलाचा रंग कोणता हाये?"

तो तक्ता त्यांनी खाली काढला आणि जाताना सोबत नेला. पुढं मला तो केंद्रातल्या तांदळाच्या डब्यावर झाकण म्हणून दिसायचा. बरोब्बर बसला होता. माझं एवढं एक काम उपयोगी पडलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी गुलाबच्या गल्लीतल्या लोकांना ओट्यावर जमवलं. "उद्यापासून डबे बंद. ज्याले लयच दया येते त्यानं आपल्या घरी येऊ द्यावी. गुलाबले चहा करता येते. सकाळी त्याच्याकडं येऊन चहा प्याचा."

लोक एकमेकांकडे बघू लागले. समोरच्या घरातले वामनराव, वयस्कर शेतकरी, जरा धीट. ते म्हणाले, "येड्याच्या हातचा?"

"आजवर शायण्याच्या हातचा पेऊन तू कोणता तहसीलदार झाला?"

"तसं नाई, सिस्टर..."

"तुह्या पोराले मी पोटात उलट्याचा सुलटा केला का नाई? तुही बायको मेलीच असती. आता सकाळी उठून एक कप चहा प्याले तुले जड होऊन राह्यलं?"

असं त्यांनी घरोघर केलं. आपण जन्माला घातलेल्यांकडून अशी वसुली करणारी दुसरी नर्स माझ्या पाहण्यात नाही.

पहिल्या दिवशी वामनराव आणि आणखी दोघे आले, कोर्टात हजर व्हावं तसे. गुलाब आंघोळ करून बसला होता, कारण घरी पाहुणे येणार होते. चहा काळाकुट्ट, आल्याचा कुटलेला खडा गळ्यातून खाली उतरताना मागं ओरखडा ठेवून जाणारा. पहिल्या घोटाला आपल्याला आपला मेलेला बाप दिसला, असं वामनराव सांगत. पण अर्धा कप ठेवायची सोय नव्हती. गुलाब समोर उभा राहून कपात वाकून बघायचा. आणि पिऊन झालं की ज्यानं त्यानं आपापला कप विसळायचा. वामनरावांनी घरी आयुष्यात कप विसळला नव्हता. हे दृश्य बघायला त्यांची बायको पहिले काही दिवस खिडकीत उभी राहायची.

लोक सिस्टरच्या धाकानं येऊ लागले आणि नंतर सवयीनं. पेपर तिथं वाचला जायला लागला, कापसाच्या भावावरून भांडणं तिथं व्हायला लागली. माझ्या तक्त्यातलं सगळं आपोआप घडत होतं, फक्त त्याला कुणी मदत म्हणत नव्हतं. दाढी वाढली की कुणीतरी म्हणायचं, "काय बे गुलाब, साधू झाला का?" खोकला की म्हणायचे, "तिकडं तोंड कर," आणि त्याच दुपारी कुणीतरी काढा आणून द्यायचं. चांभारचौकशा करण्यात ते गाव आधीपासूनच तरबेज. सिस्टरनी त्याच दुर्गुणाला कामाला लावलं होतं.

सुधाकरचा फोन मला यायचा. मी त्याला अशी गोड वर्णनं ऐकवायची की सिस्टर म्हणायच्या, "कमी सांग व. त्याले साखर होईन."

स्वतः सिस्टर मात्र त्या चहाला कधी गेल्या नाहीत. "मले पित्त होते," म्हणायच्या. हुकूम सोडणाऱ्यांना पित्त होतंच.

कापसाची शेवटची वेचणी चालली होती. त्या आठवड्यात सुधाकर येऊन काय ते ठरवणार होता. आणि त्याच रविवारी वामनरावांच्या मुलाचं, त्या उलट्याच्या सुलट्या केलेल्या मुलाचं, लग्न लागलं. नवरीचं गाव चालत तासाभरावर. सकाळीच दोन टेम्पो भरून वऱ्हाड निघालं. सगळी गल्ली गेली. मी गेले. सिस्टर तर पांढरी काठाची साडी नेसून मानाच्या खुर्चीत.

गाथा म्हणून झाल्या, फुलं टाकून झाली, पहिली पंगत बसली. वाढपी वरण घेऊन फिरत होते, तेवढ्यात मंडपाच्या तोंडाशी गुलाब दिसला. घरातला शर्ट, रबरी चपला, गुडघ्यापर्यंत धूळ. एका हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेली किटली, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत कप वाजत होते.

तो सरळ वामनरावांपुढे जाऊन उभा राहिला. वामनराव नव्या कपड्यांत, वराचे वडील म्हणून ताठ बसलेले.

"काऊन नाई आले?"

"अरे बाप्पा... लगन होतं ना पोराचं."

"मले नाई सांगतलं," गुलाब म्हणाला. त्यात राग नव्हता, तो नुसती माहिती देत होता. त्यानं पिशवीतून कप काढला, पुसला आणि चहा ओतला. वामनरावांनी भरल्या ताटासमोर तो गार, काळा चहा प्यायला. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. गुलाब रांगेनं जात होता, रोजच्या प्रत्येकाला तेच विचारत होता आणि कपात वाकून बघत होता.

लग्नाची पत्रिका गावातल्या प्रत्येक घरात गेली होती. आमच्या केंद्रातही आली होती. गुलाबच्या घरी गेली नव्हती. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. ज्याच्याकडे आपण रोज चहा पितो, त्याला लग्नाला बोलवायचं असतं, हे कुणाला सुचलंच नव्हतं. आणि ज्या बाईनं येणंजाणं असतं म्हणून आम्हाला टेम्पोत घालून जामला नेलं होतं, त्या बाईलाही सुचलं नव्हतं.

गुलाब शेवटी तिच्यासमोर आला.

"सिस्टर, तू काऊन नाई आली? तू तं कवाच नाई आली."

सिस्टरच्या तोंडून उत्तर निघालं नाही. इतक्या वर्षांत मी हे पहिल्यांदा पाहिलं. मला आनंद व्हायला हवा होता.

त्याच वेळी सुधाकर आत शिरला. तो न कळवता पुण्याहून आला होता. बघतो तर घराचं दार सताड उघडं, गल्लीत चिटपाखरू नाही. पुढच्या गल्लीतल्या एका म्हातारीनं सांगितलं, लग्न कोणत्या गावात ते विचारून गुलाब किटली घेऊन सडकेनं गेला. त्यानं येऊन आधी गुलाबला दोन्ही खांद्यांना धरलं.

"ट्रक जातेत त्या सडकेनं. कळते का तुले? अन गॅस? गॅस चालू ठेवून आला का तू?"

गुलाबनं पँटच्या खिशात हात घातला, सिलिंडरचा रेग्युलेटर बाहेर काढला आणि समोरच्या ताटात ठेवला, वरणाशेजारी. "घर सोडलं का गॅस काढाचा. माय सांगे."

त्याच्या आईनं 'बंद कर' एवढंच सांगितलं असणार. याच्या मते बंद म्हणजे खिशात. मागून कुणीतरी हसलं, पण एकटंच.

सुधाकर सिस्टरकडे वळला. "तुमच्या भरवशावर ठेवला होता मी, सिस्टर."

"हो," सिस्टर म्हणाल्या. "चुकली मी. तुहंच बरोबर हाये. घेऊन जाय त्याले."

मला वाटलं, आता संपलं. मी डोकं डावीकडे कलवायच्या बेतात होते, तेवढ्यात वामनराव उठले.

"घेऊन जाय मतलब? अन सकाळी आम्ही कोठी जाचं?"

"काका, तुमच्या घरी चहा होत नाही का?" सुधाकर म्हणाला.

"होते ना. पण तिथी बायको असते."

"अन माह्याबी घरी हे असते," त्यांची बायको बायकांच्या पंगतीतून म्हणाली. "सकाळचा तेवढा एक घंटा घर मले मोकळं भेटते. ह्या माणसाले तिकडंच राहू दे, बापा. पेपर बी तिकडंच."

मग जो तो बोलायला लागला. एकाचं म्हणणं, गेल्या कापसाच्या भावाचं भांडण अजून तुटलेलं नाही, ते कुणाच्या ओट्यावर तोडायचं? दुसऱ्याला त्या चहातल्या आल्यामुळे पोट साफ होत होतं. मी एकेकाच्या चेहऱ्यावर करुणा शोधली, अभ्यास केलेली बाई आहे ना मी. कुणाच्याच चेहऱ्यावर नव्हती. सगळे आपापल्या सोयीसाठी भांडत होते, आणि सुधाकर त्यांच्याकडे असा बघत होता, की त्याला हवं ते उत्तर इतक्या वाईट भाषेत मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं.

गुलाबला अजून कुणी विचारलंच नाही, हे तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं असावं. तो खाली बसला आणि गुलाबला विचारलं, "तूच सांग. येतो का माह्यासंग पुण्याले?"

गुलाब कप गोळा करत होता. त्यानं थोडा विचार केला. "येतो."

वामनरावांचं तोंड उघडंच राहिलं.

"पाहुणा म्हणून येतो," गुलाब म्हणाला. "मंग वापस. सकाळी चहा असते."

सुधाकरनं ताटातला रेग्युलेटर उचलला, रुमालानं पुसला आणि गुलाबच्या खिशात परत ठेवला. मग म्हणाला, "मलेबी दे ना एक कप." संस्थेचं नाव त्या दिवसानंतर त्याच्या तोंडून निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी तो गुलाबला पुण्याला घेऊन गेला, आठवडाभर, पाहुणा म्हणून. त्या दिवशी मी वर्ध्याहून अल्लीपूरला आले तर केंद्रात सिस्टर नव्हत्या. शोधत गेले. गुलाबच्या घराला कुलूप, आणि बंद दाराशी ओट्यावर त्या एकट्याच मिश्री लावत बसलेल्या. वामनराव सवयीनं आले होते. त्यांना त्यांनी "बंद हाये, जाय" म्हणून हाकललं.

"सिस्टर, तो तर पुण्याला गेलाय," मी म्हटलं. "आणि तुम्हाला तर चहा चालतही नाही. मग इथं कशाला?"

त्या बाजूला थुंकल्या, पदरानं तोंड पुसलं.

"वापस आला का इचारन ना व तो मले, तू काऊन नाई आली म्हून," त्या म्हणाल्या. "मंग काय सांगू?"

आणि सरकून माझ्यासाठी जागा केली.